नानांचा दिवस आणि नानांची रात्र

आपल्या भाषेने सरड्यावर जरा अन्यायच केला आहे. दिलेला शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरडा म्हणतो, आणि ज्याची झेप बेताची त्याला ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणून हिणवतो. भागवताच्या दशम स्कंधातल्या नृग राजाचीच गोष्ट घ्या. दान दिलेल्या एका गाईच्या घोटाळ्यापायी त्या पुण्यवान राजाला पुढचा जन्म मिळाला तो सरड्याचा, आणि तोही कोरड्या विहिरीच्या तळाशी. श्रीकृष्णाने वर काढीपर्यंत बिचारा तिथेच पडून होता. त्या विहिरीत ऊन किती येत होते, दव पडत होते की नाही, ह्याची चौकशी कुणाही कीर्तनकाराने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ही चौकशी करणारे एक कुटुंब मला २०२३ च्या दिवाळीत भेटले. म्हणजे कुटुंब माझ्याच बहिणीचे. तिच्या घरच्या सरड्याची धावही कुंपणापर्यंतच होती. पण ते कुंपण कसले असावे, त्यात ऊन कोठून आणावे आणि रात्र किती वाजता पाडावी, ह्या प्रश्नांवर त्या घराने चार महिने जेवढा विचार केला तेवढा आपण मुलीचे स्थळ बघतानाही करीत नाही.

माझी धाकटी बहीण लंडनच्या वायव्येला हॅरो नावाच्या उपनगरात राहते. घरात ती, तिचे इंजिनियर यजमान, चौदा वर्षांचा मुलगा आणि तिच्या सासूबाई. त्या मूळच्या सांगलीच्या. घरातले आणि शेजारपाजारचेही त्यांना माईच म्हणतात. २०२३ च्या जुलैत ह्या चौघांत पाचव्याची भर पडली. भाच्याच्या एका सोबत्याच्या घरचे लोक गाव सोडून चालले होते. त्यांच्याकडे एक कॅमेलिऑन होता, आणि नव्या घरी त्याला जागा नव्हती. भाच्याने तो मागून घेतला आणि काचेच्या पेटीसकट घरी आणला.

कॅमेलिऑन हा सरड्यांच्याच गोतावळ्यातला, पण खानदान वेगळे. शब्द मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ ‘जमिनीवरचा सिंह’. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात त्याचे बारकाईने वर्णन केले आहे. पुढे प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने मात्र हा प्राणी नुसत्या हवेवर जगतो, असे ठोकून दिले! भाच्याचा कॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा इथल्या डोंगरउतारांवरच्या जातीचा होता. इंग्रज त्याला व्हेल्ड कॅमेलिऑन म्हणतात. ह्या जातीचा नर शेपटीच्या टोकापर्यंत दीड-दोन फूट भरतो, आणि डोक्यावर मागच्या बाजूला उंच होत गेलेला एक मोठा तुरा असतो.

माईंनी तो तुरा बघितला आणि म्हणाल्या, “अगं बाई, ही तर पगडी! आणि डोळे बघ. एक पुण्याकडे, एक दिल्लीकडे. हे नाना फडणीस आहेत.”

नाव तिथल्या तिथे पक्के झाले. खरोखरच त्याचे दोन डोळे एकमेकांना न विचारता हवे तिकडे वळतात. पायांची बोटे दोन आणि तीन अशी जोडलेली असल्यामुळे फांदी चिमट्यासारखी धरता येते. शेपूट पाचव्या हातासारखी. आणि जीभ? धडाच्या दीडपट-दुप्पट लांब, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत किडा टिपून परत तोंडात! साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणपण फडणीसांच्या वाट्याला आले म्हणतात. ह्या नानांचे सगळे शहाणपण त्यांच्या जिभेत होते. येमेनमधले एडन १९३२ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याला जोडलेले होते, हे जावयांनी सांगितल्यावर तर माईंच्या लेखी नाना घरचेच झाले.

पण घरच्या ह्या माणसाची तब्येत ठीक नव्हती. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले. फांदीवर चढताना पकड सुटे. जीभ निम्म्यावरच येऊन गळून पडल्यासारखी होई, आणि किडा समोरून निघून जाई. बहिणीने पशुवैद्याकडे नेले. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवले. हाडे जिथे पांढरीशुभ्र दिसायला हवीत तिथे धुक्यासारखी पुसट दिसत होती. आपण ज्याला मुडदूस म्हणतो, त्याचाच हा भाऊ.

“वाकलेले पाय आता सरळ होणार नाहीत,” पशुवैद्य म्हणाले. “पण दुखणे पुढे जाऊ द्यायचे नसेल तर औषधाबरोबर ह्याचे घर बदला. दिवे आधी बदला.”

दिव्यांचा आणि हाडांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध असा. सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतल्या २९० ते ३२० नॅनोमीटर लांबीच्या पट्ट्याला यूव्ही-बी म्हणतात. हे किरण कातडीवर पडले की तिथल्या एका द्रव्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. ‘ड’ असेल तरच खाल्लेले कॅल्शियम अंगी लागते. ते नसेल तर शरीर आपल्याच हाडांतले कॅल्शियम काढून खाते. घरातले दागिने मोडून महिना काढावा तसे. माणसाच्या बाबतीत ही गोष्ट १९१९ साली बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की ह्या डॉक्टरांनी दाखवून दिली. मुडदूस झालेल्या मुलांना त्यांनी पाऱ्याच्या दिव्याखाली बसवले आणि मुलांची हाडे भरून आली. म्हणजे आज भाच्याच्या खोलीत जळणारी ट्यूब ही त्या बर्लिनच्या दिव्याचीच नात म्हणायची.

जुन्या पेटीत दिवे नव्हते असे नाही. कोपऱ्यात एक लहानसा वेटोळ्याचा दिवा होता. त्याचा उपयोग वीतभर अंतरापर्यंत. आणि नाना बसत त्याच्या दुप्पट लांब. रात्री एक लाल दिवा जळे, ऊब म्हणून. त्यामुळे दिवस अर्धवट आणि रात्र कधीच नाही, असा प्रकार. चहूबाजूंनी काच, त्यामुळे हवा कोंदट. आणि काचेत चोवीस तास समोर दुसरा एक कॅमेलिऑन! ही जात अत्यंत एकलकोंडी. दुसरा दिसला की अंग फुगवून, रंग चढवून भांडणाला उभी राहणारी. तो दुसरा म्हणजे आपलीच छाया, हे नानांना कोण सांगणार?

माईंचा पहिला उपाय साधा होता. “पेटी खिडकीत ठेवा की. देवाचे ऊन फुकट आहे.”

“आजी, काचेतून उजेड येतो, ऊबही येते,” भाचा म्हणाला. “हाडांना हवं ते ऊन काच बाहेरच ठेवते. शिवाय काचेची पेटी उन्हात ठेवली तर आत भट्टी होईल. त्याला पळून जायला सावली कुठाय?”

हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खिडकीच्या काचेतून यूव्ही-बी जवळजवळ येतच नाही, आणि बंद काचपेटीतला प्राणी उन्हात अर्ध्या तासातही दगावू शकतो.

मग घरात बांधकाम निघाले. बहिणीचे यजमान पुलांची गणिते करणारे. त्यांनी पिंजऱ्याचा नकाशा पुलासारखाच काढला. दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच. पूर्ण वाढलेल्या नराला एवढी जागा हवीच. उंची महत्त्वाची, कारण हा प्राणी जमिनीवरचा सिंह नावापुरता, राहतो झाडावर. छत जाळीचे, समोर खाली जाळीची रुंद पट्टी, बाकीच्या बाजू बंद. खालून ताजी हवा शिरते, वर तापून छतातून निघून जाते. चुलीच्या धुराड्याचेच तत्त्व. आपल्यासारख्या उबदार मुलखात चारी बाजूंनी जाळी चालली असती, पण इंग्लंडच्या थंडीत तसे केले तर ऊबही टिकत नाही आणि ओलही.

पिंजरा जमिनीवर न ठेवता भक्कम मेजावर ठेवला. वरची फांदी माणसाच्या डोक्याहून उंच यायला हवी. आपण वरून वाकून बघितले की ह्या प्राण्याला घार आल्यासारखे वाटते. तो वर आणि आपण खाली असलो म्हणजे निवांत असतो. रेडिएटरजवळ नको, दाराच्या झोतात नको, टेलिव्हिजनच्या खोलीत तर नकोच. म्हणून माडीवरची लहान खोली नानांना दिली. पाहुण्यांची खोली ती हीच; त्यामुळे नोव्हेंबरात मी गेले तेव्हा माझे अंथरूण माईंच्या खोलीत पडले.

आता मुख्य गोष्ट, दिवे. ते दोन प्रकारचे लागतात, आणि दोघांची कामे वेगळी.

पहिला दिवा हाडांचा. पिंजऱ्याच्या छतावर, जाळीच्या बाहेर, एक लांब ट्यूब. पाठीवर पडणाऱ्या वेटोळ्याच्या दिव्यापेक्षा लांब ट्यूब बरी, कारण तिचा प्रकाश पिंजऱ्याच्या सगळ्या रुंदीवर सारखा पसरतो. भाच्याने टी-५ जातीची, २४ वॅटची, ६ टक्के यूव्ही-बीची घेतली. तिच्याखाली ८-९ इंचांवर नानांची ऊन खायची फांदी बांधली. हे अंतर म्हणजे सगळ्या शास्त्राची किल्ली. ट्यूब फार दूर असेल तर उपयोग शून्य, आणि फार जवळ असेल तर डोळे आणि कातडी भाजते. जाळीही काही किरण अडवते, त्याचाही हिशेब धरावा लागतो. नुसत्या नजरेने ते कळत नाही. म्हणून सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या एका मंडळातून अतिनील निर्देशांक मोजायचे हातातले यंत्र त्याने उसने आणले. फांदीवर आकडा तीनच्या आसपास यावा, आणि पानांच्या खाली सावलीत शून्यावर. म्हणजे नानांना किती ऊन घ्यायचे ते नानांनीच ठरवायचे. ट्यूब आणल्याची तारीख भाच्याने तिच्याच पट्टीवर लिहून ठेवली आहे; कारण साधारण वर्षभराने तिचे यूव्ही-बी ओसरते, पण डोळ्यांना ती तशीच लखलखीत दिसत राहते. दिसायला प्रकाश आणि आत काही नाही, असे दिवे फार घातक.

दुसरा दिवा उबेचा. सरड्याचे रक्त आपल्यासारखे आपोआप गरम राहत नाही. सकाळी उन्हात बसल्याशिवाय त्याला अन्नही पचत नाही. ह्यासाठी साधा झोतदिवा पुरतो. ऊन खायच्या जागी २९-३० अंश सेल्सियस, बाकी पिंजऱ्यात २२ ते २५. पण मोजायचे कुठे? फांदीवर नाही, पगडीच्या टोकाशी! पगडी दिव्याला सर्वांत जवळ, आणि वरून येणाऱ्या उष्णतेने कातडी भाजू लागली तरी हा प्राणी वेळेवर बाजूला होत नाही. पगडी जळलेले कॅमेलिऑन पशुवैद्यांना नेहमी बघावे लागतात. दिवा पिंजऱ्याच्या आत तर कधीच ठेवू नये. हे महाशय छताच्या जाळीला उलटे लटकतात आणि सरळ दिव्यालाच मिठी मारतात. होल्डर चिनी मातीचा हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. आणि तो नुसत्या चिमट्यावर न अडकवता भिंतीतल्या कंसाला स्क्रूने आवळलेला हवा. तापलेला दिवा चिमट्यातून सुटून गालिच्यावर पडला, तर सरड्याबरोबर घरही जाते.

तिसरी वस्तू म्हणजे दिवा नसणे. बारा तास उजेड झाला की बारा तास काळोख. लाल नाही, निळा नाही, झिरोचा नाही. काळोख म्हणजे काळोख. ह्या प्राण्याला रंग आपल्याहून जास्त दिसतात, त्यामुळे ‘लाल दिवा त्याला दिसत नाही’ ही दुकानी समजूत आहे. रात्री हवा गारही व्हावी लागते. १६-१७ अंशांपर्यंत उतरली तरी येमेनच्या डोंगरातल्या ह्या जातीला झोप छानच लागते. दिवे लावायचे-मालवायचे काम टायमर करतो. सकाळी सातला सूर्योदय, संध्याकाळी सातला सूर्यास्त. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्रज आपली घड्याळे तासभर मागे करतात. भाच्याने नानांचा टायमर हलवला नाही. “सरकारचं घड्याळ नानांना कशाला?” म्हणाला. त्यामुळे मी पोचले तेव्हा नानांचा दिवस सहा ते सहा चालू होता.

इतक्या दिव्यांना वीज किती? जावयांनी मला हिशेब दिला. ट्यूब २४ वॅट, झोतदिवा ६०. दोन्ही बारा तास जळले तरी दिवसाला एक युनिट. झोतदिवा दुपारी बंदच असतो, म्हणजे त्याहूनही कमी. पैशापेक्षा त्यांना काळजी होती ती वेगळीच. कॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे पिंजऱ्यात पहाटे आणि रात्री बारीक फवारा मारावा लागतो, दिवसा ठिबक ठेवावी लागते. आणि त्याच पिंजऱ्याच्या डोक्यावर विजेचे दिवे! पाणी आणि वीज ह्यांचा संसार एका छपराखाली करायचा. म्हणून प्लगांची पट्टी त्यांनी जमिनीवर न ठेवता भिंतीवर, पिंजऱ्यापासून दूर ठोकली. प्रत्येक तारेला सॉकेटच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, प्लगात शिरत नाही. आणि मुळाशी तो स्विच, वीज गळाली की क्षणात पुरवठा तोडणारा. आपल्याकडचे वायरमन ज्याला ईएलसीबी म्हणतात. पिंजऱ्याच्या तळाला पाणी वाहून जायला ताट. दोन फवाऱ्यांमध्ये पाने सुकलीच पाहिजेत, नाहीतर ह्या प्राण्याला छातीचे दुखणे जडते.

बागेचे खाते माईंकडे. पिंजऱ्यात खरी झाडे हवीत. लपायला आणि थेंब धरायला. ही जात पानेही खाते, म्हणून झाड विषारी नको आणि फवारलेले नको. मनीप्लँट आणि जास्वंद ही दोन्ही चालतात, हे कळल्यावर माईंचा चेहरा खुलला. दोन्ही कुंड्या त्यांनी धुऊन, माती बदलून तयार केल्या. जास्वंदीला पहिली कळी आली तेव्हा ती संकष्टीला गणपतीला वाहायची असे त्यांनी ठरवले. संकष्टीच्या सकाळी बघतात तो कळीचे देठच शिल्लक! माई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “पोचली. ज्याला पोचायची त्याला पोचली.”

खाण्यापुढे मात्र त्यांनी हात टेकले. घर शाकाहारी, आणि नानांना हवेत जिवंत रातकिडे. तडजोड अशी झाली की रातकिडे गॅरेजात राहतील आणि स्वयंपाकघराची पायरी चढणार नाहीत. देण्यापूर्वी प्रत्येक खेपेला ते कॅल्शियमच्या पांढऱ्या पुडीत घोळवायचे. पानाला चुना लावावा तसे. “जगात लोक माणसांना चुना लावतात,” माई म्हणत, “आमच्याकडे रातकिड्यांना लावतात.”

मी पोचले त्या दिवशी ५ नोव्हेंबर. १६०५ सालच्या एका फसलेल्या कटाची आठवण म्हणून त्या रात्री इंग्लंडभर दारूकाम चालते. आकाश फुटत होते, आणि माडीवर नाना पांढुरक्या पोपटी रंगाचे होऊन, शेपूट गुंडाळून झोपले होते. कॅमेलिऑनला बाहेरचा कान नाही. पण जमिनीतून येणारा हादरा त्याला लागतो. म्हणून भाच्याने पिंजऱ्याच्या मेजाखाली रबराच्या जाड चकत्या बसवल्या होत्या. चौदा वर्षांच्या पोराला एवढे सुचावे!

रंगाबद्दल इथेच सांगते. कॅमेलिऑन आसपासचा रंग बघून त्यात मिसळतो, ही समजूत फारशी खरी नाही. थंडी वाजली की तो गडद होतो, म्हणजे ऊन जास्त शोषता येते. भ्यायला, रागावला, दुसरा नर दिसला, की रंग पालटतो. हे घडते कसे, ते २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनवर दाखवले. त्याच्या कातडीतल्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांच्या जाळ्या असतात. त्या आवळल्या-सैल झाल्या की परावर्तित होणारा रंग बदलतो. सारांश, आपल्या म्हणीतला सरडा मनातले लपवण्यासाठी रंग बदलतो, आणि हा मनातले सांगण्यासाठी. ज्याला ओरडता येत नाही, कण्हता येत नाही, त्याच्यापाशी बोलायला तेवढेच आहे. दिवसा डोळे मिटून बसला, उबेत असूनही काळवंडलेलाच राहिला, की समजावे दुखते आहे.

आणि मग आली दिवाळी. १२ नोव्हेंबरला, रविवारी, लक्ष्मीपूजन. पंचवीस-तीस पाहुणे यायचे होते. बहिणीची इच्छा अशी की नानांना तेवढ्या संध्याकाळपुरते खाली दिवाणखान्यात आणावे, पिंजऱ्याला रंगीत दिव्यांची माळ सोडावी. मुले किती खूश होतील! भाचा एकदम म्हणाला, “नाही.” बहीण चिडली. एका संध्याकाळीने काय होते? एवढा खर्च केला, एवढा त्रास सोसला, आणि आपल्याच घरी चार लोकांना दाखवायचीही चोरी?

जावई आतापर्यंत गप्प होते. ते शांतपणे म्हणाले, “इथे २००६ सालचा प्राणिकल्याणाचा कायदा आहे. पाळलेल्या जिवाला योग्य जागा, योग्य अन्न, त्याच्या स्वभावाप्रमाणे वागायला मोकळीक, एकटं किंवा सोबतीत जसं मानवेल तसं राहणं, आणि दुखण्यापासून संरक्षण. ह्या पाच गोष्टी देणं सक्तीचं. आणि मूल सोळाच्या आतलं असेल तर जबाबदार त्याचे आईबाप. म्हणजे कागदोपत्री नाना माझे आहेत. आणि माझ्या हिशेबी ते सहाला झोपतात.”

बहीण हसली आणि वाद तिथे संपायला हरकत नव्हती. पण माईंनी खरा प्रश्न काढला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरात अंधारी खोली ठेवायची? सांगलीच्या वाड्यात त्या रात्री गोठ्यात, न्हाणीघरात, माळ्यावरसुद्धा पणती लागे. अंधारी खोली बघून लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते, असे त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलेले. भाचा आजीकडे बघत उभा राहिला. कायदा सांगून आजीचे समाधान होणार नाही, एवढे त्याला कळत होते. आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो पुसट हाडांचा एक्स-रेही असणार.

वाट माईंनीच काढली. लंडनला त्या दिवसांत सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बरोबर दिवेलागणीला त्या माडीवर आल्या. नानांचा दिवस अजून चालू होता. त्यांनी दारात, पिंजऱ्यापासून लांब, पणती ठेवली, हळदकुंकू वाहिले, हात जोडले. पाच मिनिटांनी पणती उचलून खाली घेऊन गेल्या. “लक्ष्मी येऊन गेली,” म्हणाल्या. “आता झोपू द्या त्याला.” पाहुण्यांच्या मुलांना सहाच्या आत एकेकाला दाराशी उभे राहून, न बोलता नाना बघायची परवानगी मिळाली. एका लहान मुलीने विचारले, “हात लावू?” भाचा म्हणाला, “त्याला आवडत नाही. आपण नुसतं बघायचं.” सहा वाजता टायमरने कट् केले. खाली चकल्या, करंज्या, गाणी. वर दार बंद.

जानेवारी २०२४ मध्ये दुसरा एक्स-रे निघाला. बहिणीने फोनवर सांगितले की हाडांच्या कडा आता ठळक दिसतात. पाय वाकलेलेच राहिले. ते तसेच राहणार. पण जीभ पुरी जाते, आणि रातकिडा सुटत नाही. ह्या जातीचा नर नीट सांभाळला तर सहा-आठ वर्षे जगतो. भाचा कॉलेजात जाईपर्यंत तरी फडणीशी चालू राहावी, अशी माईंची प्रार्थना आहे.

हे वाचून आपल्याकडच्या एखाद्या मुलाला कॅमेलिऑन आणावासा वाटेल, म्हणून दोन शब्द. आपल्या महाराष्ट्रातही कॅमेलिऑन आहे. कोकणात, देशावर त्याला घोयरा म्हणतात. तो विषारी नाही, चावून माणूस मरत नाही, आणि त्याच्याकडे बघितल्याने कुणाचे वाईट होत नाही. तरीही भीतीपोटी लोक त्याला दगड मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. परदेशी जातींनाही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जे ऊन बनवायला हॅरोच्या त्या घराने चार महिने खर्ची घातले, ते आपल्या घोयऱ्याला बोरीच्या झुडपावर फुकट मिळते, आणि रात्रही.

तेव्हा पावसाळ्यात गावी जाताना रस्त्यावर एखादा हिरवा घोयरा दिसला, एक पाऊल पुढे, थोडे मागे असा झुलत चाललेला, तर मुलांना गाडीतून उतरवून लांबून दाखवावा. रस्ता ओलांडायला त्याला वेळ लागतो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तरी चालेल. त्याला तेवढे पलीकडे जाऊ द्यावे.